ठराव क्रमांक सात आणि गुलाबजाम

गोखिवऱ्याच्या सुमेघ सोसायटीचे सेक्रेटरी जयवंत तिर्लोटकर यांचा माणसांवर विश्वास होता, पण माणसांच्या हातांवर नव्हता. त्याला कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी पार्किंगचा एक ठराव भर सभेत हात वर करून मंजूर झाला आणि आठवड्याभरात, ज्यांनी हात वर केले होते त्यांनीच हात वर केले. एकजण म्हणाला, मी पंख्याचा वारा लागतो का ते बघत होतो. दुसऱ्याचा म्हणे खांदा आखडला होता. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत टिपणं लिहिण्यात घालवलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून जयवंतरावांनी शिरस्ता पाडला: ठराव वाचायचा, हात वर झाले की मोबाईलने फोटो काढायचा, आणि मगच पुढच्या ठरावाकडे वळायचं.

यंदा सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत नऊ ठराव होते. सातवा होता इमारतीच्या रंगाचा. जयवंतरावांनी तीन आठवडे रंगांच्या कंपनीचं पुस्तक चाळून एक छटा निवडली होती. पुस्तकात तिचं नाव होतं ‘ॲप्रिकॉट व्हिस्पर’, म्हणजे जर्दाळूची कुजबुज. दोन बोटांएवढ्या चौकोनात ती फार सोज्वळ दिसत होती. बायकोला, विनयाला, त्यांनी ती दाखवली तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने चष्मा न लावताच मान हलवली, आणि जयवंतरावांनी तो होकार धरला.

सभेला माणसं यावीत म्हणून खालच्या पार्किंगमध्ये जेवण ठेवलं होतं. जवळच्या होळी भागातला हरेश्वर केटरर आला होता. त्याच्या हातच्या गुलाबजामला वसईत तोड नाही असं म्हणतात. सभा लांबली. हरेश्वरला दुपारी एकला नालासोपाऱ्यात एका मुंजीची पंगत होती, त्यामुळे त्याने पाचव्या ठरावालाच वाढायला सुरुवात केली. सहावा ठराव पुरी-भाजीवर झाला. सातव्याला मंडळी गोडावर आली होती.

नोव्हेंबर लागला, पाऊस पूर्ण उघडला, आणि वसई गावातला सॅन्टन परेरा परांची बांधून कामाला लागला. चार दिवसांत रस्त्याकडची बाजू रंगून झाली. पाचव्या दिवशी सकाळी परांचीवरचं हिरवं कापड उतरलं आणि सुमेघ सोसायटी आपल्याच इमारतीकडे बघून डोळे चोळायला लागली.

कुजबुज कसली, ती बोंब होती. दोन बोटांच्या चौकोनात जो रंग लाजून बसला होता, तो चार मजले मिळाल्यावर अंगात आल्यासारखा नाचत होता. ऊन पडलं की समोरच्या दुधवाल्याच्या दुकानातलं दूध केशरी दिसे. रिक्षावाले दोन दिवसांत ‘सुमेघ’ हे नाव विसरले आणि ‘जिलेबीसमोर’ असं म्हणू लागले. जयवंतरावांना रंग आवडला की नाही हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. ठराव मंजूर होता आणि काम ठरावाप्रमाणे झालं होतं, एवढं त्यांना पुरेसं होतं.

पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गदारोळ उठला. हा रंग आम्ही मंजूर केलाच नव्हता, असं एकेकजण लिहू लागला. सगळ्यांत पुढे होती दुसऱ्या मजल्यावरची हेमाली चुरी. होळी भागातल्या वाडीवाल्यांची लेक, बोलायला स्पष्ट. एका विमा कंपनीत अपघाताच्या गाड्यांचे फोटो तपासायचं तिचं काम. उरलेल्या तीन बाजू रंगवायच्या आधी फेरविचार व्हावा, असं तिचं म्हणणं होतं.

जयवंतराव या दिवसाची दोन वर्षं वाट बघत होते. त्यांनी ठराव क्रमांक सातचा फोटो ग्रुपवर टाकला. नुसता टाकला नाही. फोटो असाच पाठवला की त्याचा कस जातो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो फाईल म्हणून, मूळ प्रत जशीच्या तशी पाठवली, आणि खाली लिहिलं, ‘सत्यप्रत सभासदांच्या माहितीसाठी.’ फोटोत हातांचं रान माजलं होतं. ग्रुप एकदम गप्प झाला. त्या रात्री जयवंतरावांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी हेमालीने कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत तो फोटो संगणकावर उघडला आणि हात मोजले. त्या दिवशी हजर घरं पंचवीस होती. हात भरले एकतीस. त्यातले दोन तिच्या स्वतःच्या नवऱ्याचे, अनुजचे होते, कारण त्याने दोन्ही हात वर केले होते. रंगाबद्दल एवढा उत्साह असलेला अनुज तिने लग्नानंतरच्या सहा वर्षांत पाहिला नव्हता. मग तिचं लक्ष फाईलच्या आकाराकडे गेलं. एक फोटो, आणि दहा-बारा फोटोंएवढा जड. रोज ठोकरलेल्या बंपरांचे फोटो बघणाऱ्या बाईला यातलं इंगित लगेच कळलं. हल्लीचे फोन बटण दाबायच्या आधीचे दीड-दोन क्षण आणि नंतरचा थोडा वेळ आपणहून टिपतात आणि ती चिमुकली चित्रफीत, आवाजासकट, फोटोच्या पोटात ठेवून देतात. फोटो फाईल म्हणून पाठवला की पोटातलं पोटातच राहतं. हेमालीने ते बाहेर काढलं. फोटो एकीकडे, चित्रफीत एकीकडे. चित्रफीत तीन सेकंदांची होती. ती तिने काही एक न लिहिता ग्रुपवर टाकली.

जयवंतराव तेव्हा ताकभात जेवत होते. त्यांनी डाव्या हाताने फोन उचलला आणि चित्रफीत लावली. पहिल्या सेकंदात कोणाचाच हात वर नव्हता. माणसं ताटात बघत होती. मग हरेश्वरचा खणखणीत आवाज आला, “गुलाबजाम परत कोणाला? हात वर!” आणि हातांचं रान उगवलं. त्यावर लगेच दुसरा आवाज, “हां, असेच राहा,” आणि तो आवाज जयवंतरावांचा स्वतःचा होता.

त्यांनी ती अकरा वेळा पाहिली. भात तसाच राहिला. मग त्यांना सगळं आठवलं. त्यांनी ठराव वाचला होता, अनुकूल असतील त्यांनी हात वर करा असं म्हटलं होतं, आणि फोन काढला होता. पण अंगठ्याला पाक लागलेला, त्यामुळे फोन काही अंगठा ओळखेना. त्यांनी अंगठा पँटला पुसला, परत लावला, परत पुसला. फोन उघडून समोर धरला तोच हात वर झाले होते, आणि त्यांनी फोटो काढला होता. हात कशासाठी वर आहेत हे विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्याआधी ठरावासाठी कोणी हात वर केला होता का? केलाही असेल. आता ते देव जाणे आणि हरेश्वर जाणे.

विनयाने चित्रफीत पाहिली आणि बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. जयवंतरावांना वाटलं बिचारीला फार लागलं. तिने वळून पाहिलं तेव्हा कळलं की ती हसत होती.

संध्याकाळपर्यंत हेमालीने सह्या गोळा केल्या आणि विशेष सर्वसाधारण सभेची मागणी रीतसर जयवंतरावांच्याच हातात आणून दिली. अर्जात एकही चूक नव्हती, याचं जयवंतरावांना त्याही अवस्थेत कौतुक वाटलं. येत्या रविवारची सूचना त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिली. खाली सॅन्टन परांचीच्या बांबूला टेकून उभा होता. मागची बाजू धरू की थांबू, एवढंच त्याचं विचारणं होतं. थांबा, म्हणाले जयवंतराव. रविवारपर्यंत थांबा.

ते चार दिवस त्यांना जड गेले. जिन्यात कोणी भेटलं की ‘असेच राहा’ म्हणून पुढे जायचं. भाजीवालीपाशी त्यांनी नुसता हात वर केला तर शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका तोंड फिरवून हसल्या. शेवटी शनिवारी त्यांनी राजीनामा लिहिला. दोन प्रती काढल्या, एक सोसायटीला, एक स्वतःच्या फाईलला. माझ्या हातून अनवधानाने असत्य नोंद झाली, सबब मी पदमुक्त होऊ इच्छितो. ‘सबब’ लिहिताना त्यांचे डोळे भरून आले, कारण कचेरी सुटल्यापासून हा शब्द वापरायची संधीच मिळाली नव्हती.

रविवारी सकाळी दहाला पार्किंग भरून गेलं. वार्षिक सभेला आली नव्हती तीही माणसं आली. नरहरी कर्णिक तळमजल्यावरचे. त्यांनी आपला मोठा टीव्ही काढून दिला आणि तो दोन स्टुलांवर ठेवला गेला. त्यांची बायको मथुराबाई पहिल्या रांगेत बसली. सप्टेंबरात त्या लेकीकडे पुण्याला होत्या, त्यामुळे त्यांनी सभाही पाहिली नव्हती. आणि त्यांचा फोन साधा बटणांचा असल्याने चित्रफीतही पाहिली नव्हती. नरहरीरावांनी टीव्ही देताना एवढा विचार करायला हवा होता, पण माणूस स्वभावाने परोपकारी.

हेमालीने थोडक्यात मुद्दा मांडला. ज्या फोटोच्या आधारावर रंग लागला तो रंगाचा नाहीच. तेव्हा ठराव रद्द करून इमारतीला माणसांत आणावं. मग तिने चित्रफीत लावली. फोनवर जे चेहरे तांदळाएवढे दिसत होते ते पन्नास इंची पडद्यावर आपापल्या आकाराचे झाले. हरेश्वरचा आवाज पार्किंगभर घुमला. मंडळी हसली, कोणीतरी परत लावा म्हणालं, परत लावली, परत हसली. मग हेमालीने हात वर झालेल्या क्षणाला चित्र थांबवलं.

मथुराबाई उठून पडद्याजवळ गेल्या. त्यांनी एका हातावर बोट ठेवलं. हाताला रुद्राक्षाचं कडं होतं. दुसऱ्या हातात वाटी होती, रिकामी.

“हा हात तुमचा?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

नरहरीरावांना सप्टेंबरात साखर दोनशे ऐंशी निघाली होती, आणि लॅबवाल्याचं मशीन बिघडलंय असं त्यांनी मथुराबाईंना फोनवर सांगितलं होतं. ते उभे राहिले.

“माझाच,” ते म्हणाले.

“कशाला वर केलाय?”

नरहरीरावांनी एकदा पडद्याकडे, एकदा बायकोकडे आणि एकदा बाहेर ऊन खात उभ्या असलेल्या त्या भिंतीकडे पाहिलं.

“रंगाला,” ते म्हणाले. “मला हा रंग पहिल्यापासून पसंत आहे.”

हेमालीने हरेश्वरच्या आवाजाची आठवण करून दिली. नरहरीराव म्हणाले, तो काय ओरडत होता तिकडे माझं लक्षच नव्हतं, मी ठरावावर विचार करत होतो. मथुराबाई सावकाश आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांचं समाधान झालं नव्हतं, पण पुढे विचारायला जागा उरली नव्हती.

जयवंतरावांना वाटलं, हा एक अपवाद. पण आता सगळ्यांचेच डोळे पडद्याकडे लागले होते. तिसऱ्या मजल्यावरची सुरुची योगाचे वर्ग घेत असे, आणि ऑगस्टपासून तिने इमारतीत ‘नव्वद दिवस साखरबंद’ नावाचा उपक्रम चालवला होता. एकोणीस सभासद होते, वजनांचा तक्ता लिफ्टजवळ लावलेला. सप्टेंबरातली सभा त्या नव्वद दिवसांच्या पार मध्यावर पडली होती. आणि पडद्यावर, उजवीकडून तिसरा, सगळ्यांत ताठ आणि सगळ्यांत उंच हात खुद्द सुरुचीचा होता. योगाचा हात, तो लपणार कसा.

सुरुची उठली. चेहरा शांत, श्वास संथ. तिनेही रंगालाच हात वर केला होता असं तिने सांगितलं, आणि केशरी रंगाने भूक आटोक्यात राहते अशी पुस्तीही जोडली. ते ऐकताच साखरबंदीची उरलेली मंडळी एकेक करून उभी राहू लागली. मीही रंगालाच. आम्हीही. माझ्या ताटात तर गुलाबजाम नव्हताच, तो शेजारच्यांचा. शेजारचे म्हणाले, माझाही नव्हता, तो हरेश्वरने चुकून टाकला. आठ दिवसांपूर्वी हा रंग बघून डोळे येतील असं ग्रुपवर लिहिणारे एकजण उभे राहून म्हणाले, रंग हळूहळू मनात भरतो.

हेमालीचा धीर सुटत चालला होता. तिने शेवटचा इलाज म्हणून नवऱ्याकडे पाहिलं. अनुज साखरबंदीत होता. त्याने तर बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली.

“अनुज, तू सांग,” ती म्हणाली. “दोन्ही हात वर आहेत तुझे. रंगाला की गुलाबजामला?”

अनुजने घसा साफ केला. त्याच्या चेहऱ्यावरून बरंच काही येऊन गेलं.

“रंगाला,” तो म्हणाला. “दोन कोट लावा म्हणत होतो.”

जयवंतराव व्यासपीठ म्हणून मांडलेल्या टेबलामागे थंडगार होऊन बसले होते. खिशात राजीनामा होता. त्यांचीही नजर पडद्यावर फिरत फिरत मागच्या रांगेत गेली, आणि तिथे खांबाआडून अर्धवट वर आलेला, हिरव्या बांगड्या घातलेला एक हात त्यांना दिसला. त्या बांगड्या त्यांनीच आणल्या होत्या. विनयाही साखरबंदीत होती, आणि त्या नव्वद दिवसांत तिच्या धाकाने त्यांना स्वतःला चहा बिनसाखरेचा प्यावा लागला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. विनया छताच्या पाइपाकडे फार लक्ष देऊन बघत होती.

त्या हाताने त्यांना कसलं बळ दिलं कोण जाणे, पण ते उठले. त्यांनी सांगितलं की आपल्याला लक्ख आठवतं; अंगठ्याला पाक होता, फोन उघडत नव्हता, आणि फोटो निघाला तो गुलाबजामचाच. ठराव क्रमांक सात मंजूर झाल्याचा कसलाही पुरावा सोसायटीकडे नाही. चूक सर्वस्वी सेक्रेटरीची आहे, सबब...

“सेक्रेटरी, बसा खाली,” नरहरीराव गरजले.

“तुम्ही आमच्या हातांबद्दल बोलताय,” सुरुची म्हणाली. “आमचे हात कशाला वर होते ते आम्हाला ठाऊक की तुम्हाला?”

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. जयवंतरावांनी राजीनाम्याचा कागद खिशातून काढला, तर शेजारच्या अध्यक्षांनी तो हातातून घेतला, घडी घातली आणि टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवला. मग अध्यक्षांनी ठराव क्रमांक सात पुन्हा मताला टाकला. या वेळी दारात केटरर नव्हता आणि कोणाच्याही हातात वाटी नव्हती. पंचवीस घरांपैकी तेवीस बाजूने, एक विरोधात, एक तटस्थ. विरोधात हेमाली, कारण फ्लॅट तिच्या नावावर होता. तटस्थ सेक्रेटरी. फोटो काढू का, असं त्यांनी सवयीने विचारलं, तर सगळ्यांनी एका सुरात नको म्हटलं.

इतिवृत्त लिहायला जयवंतरावांना दोन दिवस लागले. खोटं लिहायचं नाही आणि सभेने ठरवलं ते टाळायचंही नाही, अशी तारेवरची कसरत होती. शेवटी त्यांनी लिहिलं: ‘सभेत तीन सेकंदांची चित्रफीत पाहण्यात आली. चित्रफितीतील आवाज अस्पष्ट आहे असे बहुमताने ठरले. श्रीमती चुरी यांना तो स्पष्ट ऐकू आला, याची त्यांच्या विनंतीवरून नोंद घेण्यात येत आहे.’ सॅन्टनला निरोप गेला. त्याने वरून विचारलं, दोन कोट ना? जयवंतराव हो म्हणाले.

पंधरा दिवसांत चारी बाजू झाल्या. एका संध्याकाळी हेमाली जयवंतरावांकडे आली. माहेराहून सुकेळी आली होती, राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली. चार पुडकी तिने विनयाच्या हातात दिली. जयवंतराव जरा संकोचले. मग त्यांनी फोन पुढे केला आणि ते पोटातलं प्रकरण बंद कसं करायचं ते दाखव म्हणाले. हेमालीने कॅमेरा उघडला, वरच्या कोपऱ्यातल्या एका गोल चिन्हावर बोट ठेवलं. ते पुसट झालं. एवढंच होतं. आधीच्या फोटोंतलं पुसायचं असेल तर एकेक करून पुसावं लागेल, असंही तिने सांगितलं. राहू दे, म्हणाले जयवंतराव.

विनया चहा टाकायला आत गेली. गॅलरीचं दार उघडं होतं. मावळतीचं ऊन गॅलरीच्या भिंतीवरून परतून त्यांच्या खोलीत येत होतं आणि त्या उजेडात हेमालीचा पांढरा ड्रेस, भिंतीवरचं कॅलेंडर आणि जयवंतरावांचं टक्कल सगळं एकाच रंगाचं झालं होतं.

“काका, एक विचारू?” हेमाली म्हणाली. “खरं सांगा. तुम्हाला आवडतो हा रंग?”

जयवंतरावांनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. अध्यक्ष नव्हते, नरहरीराव नव्हते, इतिवृत्ताची वही मिटलेली होती.

“भयंकर आहे गं,” ते हळूच म्हणाले. “दुपारी तर मी डोळे मिटून बसतो.”

हेमाली इतकी हसली की तिला ठसका लागला. विनया पाणी घेऊन धावत आली, काय झालं विचारू लागली. काही नाही, म्हणाले जयवंतराव, आणि सुकेळीचं एक पुडकं सोडायला बसले.